दर तासाला डिझेल तेवढंच, मग खेपा कमी का?



संध्याकाळची वेळ आहे. कुणाच्या धारा काढून झाल्या असतील, कुणाची भाकरी तव्यावर असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान तेवढे इकडे द्या.

आज आम्ही बोलणार आहोत पोकलेनच्या एका लहानशा भागाबद्दल. असेल अंगठ्याएवढा. इंजिन किती वेगानं फिरतंय ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. त्याला इंजिन स्पीड सेन्सर म्हणतात. या अंगठ्याएवढ्या भागापायी आमच्या गटात महिनाभर अबोला झाला, एका पोरावर चोरीचा आळ आला आणि एक लाख ऐंशी हजारांचा खर्च दारात येऊन उभा राहिला. शेवटी दुरुस्ती झाली ती सहाशे रुपयांत. ते कसं घडलं ते सांगतो, आणि त्यातून आम्ही काय शिकलो तेही सांगतो. तुमच्या गटाचं पोकलेन नसलं तरी तळ्यातला गाळ काढायला, शेततळं खणायला, बांध घालायला तुम्ही ते तासावर भाड्यानं घेताच. मंद चालणाऱ्या यंत्राचे तास तुमच्याच पैशातून जातात.

पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. आपल्याकडे ते यंत्राचंच नाव होऊन बसलं, जसं वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणतो. २०१७ साली राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली. आमच्या भागातही तळ्यातला गाळ काढून शेतात टाकायची कामं निघाली. यंत्राचं भाडं दरवेळी बाहेर जायचं. मग आमच्या सहा बचत गटांनी मिळून विचार केला, कर्ज काढलं आणि एक जुनं पोकलेन घेतलं. वीस टनी, बऱ्याच मालकांच्या हाताखालून गेलेलं, पण इंजिन दणकट.

चालवायला आमच्यातल्याच एका बाईचा भाचा ठेवला. पोरगा शिकलेला, हात चांगला. आम्ही एक वही घातली. तिच्यात रोज चार रकाने भरायचे: तासमीटरचा आकडा, डिझेल किती लिटर, ट्रॉलीच्या खेपा किती, पैसे किती. ही वही पुढं फार कामाला आली, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

गेल्या वर्षी वैशाखात शेजारच्या गावच्या पाझर तलावाचं काम मिळालं. मृगाच्या आत गाळ निघायला हवा होता. पाऊस पडला की तळ्यात यंत्र उतरत नाही आणि काम तिथंच थांबतं. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. पहिले दहा दिवस झकास गेले. तासाला अठरा ट्रॉल्या भरत होत्या. अकराव्या-बाराव्या दिवसापासून कुरकुर सुरू झाली. सकाळी यंत्र ठीक चालायचं. दोनेक तासांनी मंद व्हायचं. बूम सावकाश उचलायचं, फिरताना रेंगाळायचं. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा थोडा वेळ ठीक, पुन्हा मंद. तासाला अकरा ट्रॉल्यांवर आलं.

पोरानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मावशी, स्क्रीनवरचा इंजिनाचा आकडा नाचतोय. मधेच शून्य दाखवतो.” आम्ही म्हटलं, आकडा नाचू दे, तू काम कर.

आठवड्याच्या हिशेबाला बसलो तर खेपेमागे डिझेल वाढलेलं. आधी एका ट्रॉलीला पाऊण लिटरच्या आत लागायचं, आता लिटरच्या वर गेलं होतं. कुणीतरी म्हणालं, “डिझेल जातंय कुठं?” नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्यांनी एकाच बाईकडे पाहिलं. तिच्या भाच्याकडेच टाकीची किल्ली असते ना. ती बाई काही बोलली नाही. चप्पल घातली आणि निघून गेली. पुढच्या दोन्ही बैठकांना आली नाही. बचतीचे पैसे शेजारणीच्या हाती पाठवले. बाराव्या वर्षी गटात असं झालं होतं.

तिकडं यंत्र अजूनच मंदावलं. मग तालुक्याहून एक मिस्त्री बोलावला. त्यानं यंत्राचा संगणकी कोड पाहिला, इंजिन स्पीड सेन्सरचा होता. त्यानं नवीन सेन्सर आणून बसवला, बत्तीसशे रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र पुन्हा मंद. मिस्त्री म्हणाला, “मग हायड्रॉलिक पंप गेला. काढून खोलावा लागेल. एक लाख ऐंशी हजार धरा.” मृगाला तीन आठवडे होते. आमच्याकडे तेवढे पैसे नव्हतेच. सहा गटांची बचत मोडली असती तर कसेबसे झाले असते.

त्या रात्री आमच्यातली धाकटी, जी वही लिहिते, ती पुन्हा आकडे घेऊन बसली. खेपेमागे डिझेल काढायचं सोडून तिनं तासामागे डिझेल काढलं. आधी तासाला तेरा लिटर जायचं. आता बारा. म्हणजे उलट एक लिटर कमीच. सकाळी तिनं आम्हाला विचारलं, “डिझेल कुणी काढून विकत असेल तर तासाला जास्त जायला हवं ना? इथं तर इंजिन तेवढंच पितंय. काम कमी करतंय. चोरी झाली असेल तर ती डिझेलची नाही, खेपांची झाली. आणि खेपा कोण चोरील?”

आम्ही गप्प झालो. पोरावरचा आळ तिथंच उतरला होता. पण यंत्र का मंदावलं ते कळायचं होतं.

इथं आमच्या रिवाइंडिंगवाल्या वहिनी पुढं आल्या. त्यांच्या घरी विहिरीच्या मोटारी भरून देण्याचं काम चालतं. तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळणं, मीटर लावून ती तपासणं हे त्या वीस वर्षं करतात. मिस्त्रीनं काढून टाकलेला जुना सेन्सर त्यांनी हातात घेतला, त्याच्या दोन वायरी पाहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, ही तर कॉइल आहे. आत लोहचुंबक आहे आणि त्याच्याभोवती तार आहे. हे मला कळतं.”

आता हा सेन्सर काम कसं करतो ते ऐका. लहानपणी सायकल उलटी ठेवून चाक फिरवायचं आणि आऱ्यांना काडी लावायची, हा खेळ सगळ्यांनी केला असेल. चाक हळू असेल तर टक, टक, टक. जोरात फिरलं की टर्रर्र. डोळे मिटूनही चाकाचा वेग कळतो. इंजिनाच्या मागच्या बाजूला एक मोठं जड चाक असतं, फ्लायव्हील. त्याच्या कडेला दात असलेली कडी असते. सेन्सर त्या दातांसमोर बसवलेला असतो, काडीसारखा. पण तो दातांना शिकवलेला नसतो, म्हणजे टेकलेला नसतो, मधे थोडी फट असते. एक दात चुंबकासमोरून गेला की कॉइलमध्ये विजेचा एक बारीक झटका तयार होतो. चुंबकाच्या हालचालीतून वीज तयार होते हे मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञानं १८३१ साली दाखवलं होतं. सायकलचा डायनामोही याच नियमावर चालतो.

समजा त्या कडीला १२० दात आहेत आणि इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेतंय. म्हणजे सेकंदाला ३० फेरे. तीस गुणिले एकशेवीस, सेकंदाला ३६०० झटके. यंत्रातला संगणक, त्याला कंट्रोलर म्हणतात, हे झटके मोजतो आणि वेग ठरवतो.

मग वेग कळला नाही तर यंत्र मंद का व्हावं? नांगर धरणाऱ्याकडे पाहा. बैलांना जड जायला लागलं की तो नांगर किंचित उचलून धरतो, बैल सावरले की पुन्हा दाबतो. पोकलेनमध्ये इंजिन म्हणजे बैल आणि हायड्रॉलिक पंप म्हणजे नांगर. कंट्रोलर हा नांगऱ्या. इंजिनाचा वेग उतरला की तो पंपाचा भार कमी करतो, वेग आला की वाढवतो. आता या नांगऱ्याचे डोळे बांधले तर तो काय करील? बैल पडू नयेत म्हणून नांगर दिवसभर उथळच धरील. बैल चालतील, पण नांगरट होणार नाही. आमच्या यंत्राचं तेच झालं होतं. वेग कळेना म्हणून कंट्रोलर पंपाला जपून वापरत होता. इंजिन चालत होतं, डिझेल जात होतं आणि बकेट रेंगाळत होती. काही यंत्रांत याच्या उलट होतं. नांगर खोल जातो, बैल बसतात. म्हणजे जड काम घेतलं की इंजिन दबतं आणि बंद पडतं. दोन्हीकडे माणसाला वाटतं, पंप गेला.

नवीन कॉमन रेल इंजिनात गोष्ट थोडी वेगळी असते. तिथं डिझेल कधी फवारायचं हेच क्रँक आणि कॅम या दोन ठिकाणच्या सेन्सरवरून ठरतं. क्रँकच्या चाकावर काही इंजिनांत साठ दातांची जागा असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा समोरून गेली की इंजिन फेऱ्यात कुठं आहे ते संगणकाला कळतं. तिथं सेन्सर बिघडला तर इंजिन खूप वेळ सेल्फ मारल्यावर चालू होतं, चालता चालता बंद पडतं किंवा चालूच होत नाही.

आता तपासणी. आम्ही जी केली ती क्रमानं सांगतो.

आधी जिवाची काळजी. यंत्र सपाट जागी उभं करायचं, बकेट जमिनीला टेकवायची, सेफ्टी लिव्हर बंद करायचं, किल्ली काढून एकीच्या कमरेला. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीचं कनेक्शन तोडायचं. पदर खोचायचा, ओढणी काढून ठेवायची, केस बांधायचे, हातातल्या धातूच्या बांगड्या उतरवायच्या. चालू इंजिनावर मोजायची वेळ आली तर पंखा आणि पट्ट्यापासून लांब उभं राहायचं, आणि मोजणारीला दिसेल असा एकच माणूस केबिनमध्ये बसवायचा. आणि कॉमन रेल इंजिनाचे डिझेलचे पाइप कुणीही सैल करू नयेत. घरातल्या कुकरमध्ये वाफेचा दाब एक बारच्या आसपास असतो, त्या पाइपांत तो हजार बारच्याही वर जातो. ती धार कातडीतून आत शिरते.

दुसरं, ऑपरेटरला विचारायचं. कधी होतं? गार असताना की तापल्यावर? खडबडीत जागी जास्त होतं का? स्क्रीनवरचा आकडा काय करतो? पोरानं आता पुन्हा सांगितलं, “तापल्यावर होतं, आणि धक्का बसला की आकडा शून्यावर जातो.” निदानाचा अर्धा भाग या एका वाक्यात होता. तेच वाक्य त्यानं तीन आठवडे आधी सांगितलं होतं.

तिसरं, साधी कारणं काढून टाकायची. एअर फिल्टर चोंदलेला आहे का, डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी आहे का, हायड्रॉलिक तेल पुरेसं आहे का, बॅटरीची टोकं घट्ट आहेत का. इंजिन श्वासच घेत नसेल तरीही ते दबतं. पण तेव्हा आकडा हळूहळू उतरतो. इंजिनाचा आवाज एकसारखा आहे आणि आकडा मात्र एकदम शून्यावर, हे खरं असूच शकत नाही. इंजिन फिरतंय हे कानाला कळतंय. म्हणजे इंजिनाचं चुकत नाहीये, निरोप पोचण्यात चुकतंय.

चौथं, कोड वाचायचा आणि त्याचा फोटो काढायचा. बऱ्याच नवीन यंत्रांत एकच आंतरराष्ट्रीय पद्धत वापरतात. तिच्यात इंजिनाच्या वेगाचा क्रमांक १९०, क्रँकच्या सेन्सरचा ६३६. त्याच्यापुढे एक लहान आकडा असतो. २ म्हणजे निरोप अडखळत येतोय, ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे तार तुटल्यासारखी, ८ म्हणजे झटक्यांची मोजणी जुळत नाही. जुन्या यंत्रांचे क्रमांक वेगळे असतात, ते त्यांच्या पुस्तकात मिळतात. इथं एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. कोड फक्त गल्ली दाखवतो, घर दाखवत नाही. सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं. सेन्सर, त्याची फट, कनेक्टर, वायर आणि कंट्रोलर, या पाचांपैकी कुठंही खोट असली तरी कोड तोच येतो. आमच्या बत्तीसशे रुपयांची चूक इथंच झाली.

पाचवं, डोळ्यांनी पाहायचं. सेन्सर काढला तर त्याच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला असतो, कारण तो चुंबक आहे. जास्त साचला तर झटके कमजोर होतात. फडक्यानं पुसायचा. कनेक्टर उघडून पाणी, तेल, हिरवट गंज पाहायचा. पिन वाकली आहे का, उंदरांनी कुरतडलंय का तेही पाहायचं. यंत्र धुताना प्रेशरचं पाणी थेट कनेक्टरवर मारू नये, ओल तिथूनच आत जाते.

सहावं, फट. आट्यांचा सेन्सर असेल तर तो फिरवून बसवतात. दात आणि सेन्सरमधली फट साधारण एटीएम कार्डाच्या जाडीएवढी, मिलिमीटरच्या आगेमागे असते. नेमकं माप यंत्राच्या पुस्तकात पाहावं. पद्धत अशी: भोकातून पाहून दात बरोबर समोर आणायचा, सेन्सर हातानं हळूच फिरवत दाताला टेकवायचा, मग बऱ्याच यंत्रांत अर्धा ते पाऊण फेरा मागे घ्यायचा आणि नट आवळायचा. दाताऐवजी दोन दातांमधली खाच समोर असताना बसवला तर इंजिन फिरताच पुढचा दात सेन्सरचं टोक छाटून टाकतो. नवा सेन्सर पहिल्याच मिनिटाला जातो. वहिनींनी आमचा काढून पाहिला, फट ठीक होती.

सातवं, मीटर. यात वहिनींचा हात होता, आम्ही टॉर्च धरून उभ्या. किल्ली बंद. सेन्सरचा कनेक्टर सोडवला. मीटर ओहमवर ठेवून दोन्ही पिनांना लावलं. नव्या सेन्सरची कॉइल सातशेच्या आसपास ओहम दाखवत होती. मिस्त्रीनं काढलेला जुना? तोही सातशेच. वहिनींनी जुना सेन्सर गरम पाण्याच्या पातेल्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धरला, कारण मोटारीची कॉइल कधी कधी गार असताना ठीक दाखवते आणि तापली की तुटते, हे त्यांना ठाऊक. तापल्यावर आकडा थोडा चढला, पण तुटला नाही. म्हणजे जुना सेन्सरही चांगलाच होता. मग एक पिन आणि सेन्सरचं लोखंडी अंग यांच्यामध्ये मोजलं, तिथं वीज जाता कामा नये, आणि जात नव्हती.

मग इंजिन चालू करून मीटर एसी व्होल्टवर. सेन्सर वेग वाढला की जास्त व्होल्ट देतो. आमचा देत होता. सेन्सर निर्दोष. कॉमन रेलच्या इंजिनात हे माप सेल्फ मारताना घ्यावं लागतं.

तीन वायरींचा सेन्सर असेल तर त्याला ओहमनं तपासू नका. तो बहुतेक वेळा हॉल जातीचा असतो. आत कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक भाग असतो. त्याला बहुधा पाच व्होल्ट पुरवठा लागतो. किल्ली चालू करून पुरवठा येतोय का, जमिनीची वायर ठीक आहे का आणि इंजिन फिरवल्यावर निरोपाच्या वायरीवर व्होल्ट वर-खाली होतात का, एवढं पाहायचं.

आठवं, आणि आमची गाठ इथं सुटली. सेन्सर पुन्हा जोडला. बॅटरी सोडवली आणि कंट्रोलरकडचा कनेक्टर उघडला. त्या टोकाला सेन्सरच्याच दोन वायरींवर मीटर लावलं. वायर चांगली असेल तर इथंही तेच सातशे दिसायला हवेत. दिसले. धाकटीनं वायरींचा जुडगा सेन्सरपासून हळूहळू हलवायला सुरुवात केली, एकेक वीत पुढं जात. वहिनींचे डोळे मीटरवर. इंजिनाच्या पायाजवळ, जिथं जुडगा एका पट्टीखालून वळतो, तिथं ती आली आणि वहिनी ओरडल्या, “थांब!” सातशे गायब. मीटरवर तार तुटल्याची खूण. सोडलं की पुन्हा सातशे.

जुडग्यावरची नळी सोलली. आतली एक वायर पट्टीच्या काठावर घासून घासून झिजली होती. तांब्याचे दोन-तीन केस उरले होते. गार असताना ते एकमेकांना टेकून राहायचे. इंजिन तापलं, वायर सैल पडली, धक्का बसला की सुटायचे. तेवढ्या वेळेपुरते नांगऱ्याचे डोळे बांधले जायचे.

दुरुस्ती तालुक्याच्या वायरमननं केली. झिजलेला तुकडा कापला, त्याच जाडीची नवी वायर डाग देऊन जोडली, वर नळी चढवली आणि जुडगा पट्टीपासून दूर नव्या क्लिपनं बांधला. या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात, बाहेरच्या विजेचा गोंधळ आत शिरू नये म्हणून. जोडताना तो पीळ तसाच ठेवला. कोड पुसला. सगळे मिळून सहाशे रुपये. नंतर तापेपर्यंत यंत्र चालवलं, तीन तास. आकडा हलला नाही. त्या दिवशी तासाला पुन्हा अठरा ट्रॉल्या भरल्या. मृगाचा पाऊस आला तेव्हा तळ्यातलं काम संपवून यंत्र वर आलेलं होतं.

पण मैत्रिणींनो, यंत्र सुधारलं म्हणून सगळं सुधारलं असं झालं नाही. त्या बाईच्या घरी आम्ही पाचजणी गेलो. धाकटीनं वही पुढं केली, आकडे दाखवले. बाई म्हणाल्या, “आकडे तुमच्याकडे आधीपण होते. पोरगं पहिल्या दिवसापासून सांगत होतं. तुम्ही ऐकलं नाही, कारण ते माझं होतं.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही चुकलो असं म्हणालो. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणालो आणि ठरावाच्या वहीत लिहिलं. त्या बैठकीला त्या आल्या. दारापाशीच बसल्या, पण आल्या. आता पुन्हा आतल्या सतरंजीवर बसतात.

त्या ठरावात आम्ही आणखी काही लिहिलं. पाच हजारांच्या वरची दुरुस्ती असेल तर मिस्त्रीला तीन प्रश्न विचारायचे. पहिला: काय मोजलं आणि आकडा किती आला? दुसरा: तो आकडा किती यायला हवा होता? तिसरा: गार असताना मोजलं की बिघाड चालू असताना? प्रश्न नम्रपणे विचारायचे. “भाऊ, आम्हाला वहीत लिहायचंय, आकडा सांगता का?” एवढं म्हटलं तरी पुरतं. चांगल्या मिस्त्रीला राग येत नाही, तो उलट मीटर काढून दाखवतो. काढलेला जुना भाग परत मागून घ्यायचा. आमच्याकडे जुना सेन्सर राहिला म्हणून वहिनींना तो हातात घेता आला. आज तो यंत्राच्या पेटीत जादा म्हणून ठेवलाय.

यंत्र भाड्यानं घेणाऱ्या गटांना एक सांगणं. तासमीटर आणि खेपा दोन्ही लिहा. नुसते तास लिहिलेत तर मंद यंत्राचे पैसे तुम्ही द्याल आणि तुम्हाला कळणारही नाही. तासाला खेपा एकाएकी कमी झाल्या, रस्ता आणि ट्रॉल्या त्याच असल्या, तर मालकाला वही दाखवा.

आणि आमच्या वहीत आता पाचवा रकाना आहे. त्याचं नाव आहे “ऑपरेटर काय म्हणतो”. रोज संध्याकाळी पोराला विचारून तो भरायचा. बहुतेक दिवशी तिथं एकच शब्द असतो, “ठीक”. काल लिहिलंय, “डाव्या बाजूनं बारीक शिट्टीसारखा आवाज येतो.” उद्या सकाळी वहिनी आणि आम्ही दोघी जाऊन ऐकणार आहोत.

तुमच्याही वह्या काढा, रकाने पाहा. नमस्कार.